गावंडे अजून सिलेक्शनमध्ये आहेत

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात, आमच्या गणपतीत आरती संपली की पुरुषमंडळी प्रसादाच्या वाट्या घेऊन एका कोपऱ्यात जमतात आणि कॉलेजात आपण किती चांगलं क्रिकेट खेळायचो, हे एकमेकांना सांगतात. शेजारच्या आयंडहोवन शहरातल्या चिप कंपन्यांत नोकऱ्या करणारी ही माणसं. त्यांचं ऐकलं तर वाटावं, भारतीय संघात जागा शिल्लक नव्हती म्हणून बिचारे नाइलाजाने इंजिनियर झाले. त्या वर्षी कोपऱ्यात एक नवा माणूस होता. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच आणि चेहऱ्यावर कोणाचं तरी काहीतरी सांडलंय आणि ते आपल्यालाच पुसायचंय, असा भाव. कोणीतरी त्याला विचारलं, "तुम्ही काय, बोलर की बॅट्समन?"

"मी बेसबॉल खेळायचो," तो म्हणाला.

"अच्छा, अमेरिकेत होतात?"

"नाही. अमरावतीत."

एकाने शिऱ्यातला बेदाणा शोधायला सुरुवात केली. मी जवळच पत्रावळी गोळा करत होते. मी सांगलीची, आणि आमच्याकडे माणसाला असं मध्येच सोडून देत नाहीत. मी म्हटलं, "बेसबॉलमध्ये नेमकं काय करायचात?" त्यांनी हातातली वाटी टेबलावर ठेवली, पँट गुडघ्यापाशी वर ओढली आणि हॉलच्या मधोमध उकिडवे बसले. "हे करायचो, ताई," ते खालून म्हणाले, "चार वर्षं."

हे सुधाकर गावंडे. माझ्या गल्लीत तीन घरं सोडून राहायला आले होते. पुढची सहा वर्षं त्यांच्याकडे बघताना मला एकाच वेळी हसू यायचं आणि राग यायचा. हसू त्यांचं, राग कोणाचा ते मला बरेच दिवस कळलं नाही.

गावंडे कॅचर होते. बॅट घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या मागे तोंडाला जाळी बांधून जो बसतो, तो. या जागेवर ते आले ते केवळ उंचीमुळे. कबड्डीच्या निवडीत त्यांना काढलं, खो-खोच्या निवडीत काढलं, आणि मैदानाच्या कडेला ते पडेल चेहऱ्याने उकिडवे बसले असताना काळमेघ सर तिथून गेले. काळमेघ सर म्हणजे त्यांच्या कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर. सरांनी विचारलं, "असा किती वेळ बसू शकतोस?" गावंडे म्हणाले, "म्हणाल तितका." एवढ्यावर त्यांची बेसबॉलमध्ये भरती झाली. पण खेळायला नाही. पहिलं पूर्ण वर्ष त्यांनी मैदानावर फक्की मारली, पाण्याचे कॅन वाहिले, सरांच्या स्कूटरला धक्का दिला. रोज संध्याकाळी सगळी मुलं ओळीने बसायची, सर नावं पुकारायचे आणि पुकारलेला उठायचा. वर्षभर गावंड्यांचं नाव आलं नाही. दुसऱ्या वर्षीच्या पहिल्याच संध्याकाळी आलं, आणि मग चार वर्षं दुसऱ्या कोणाचं त्या जागेवर आलं नाही.

ते खरोखरच चांगले खेळायचे. हे मी त्यांच्या सांगण्यावरून म्हणत नाही, कारण ते सांगायचेच नाहीत. त्यांच्या बायकोने, रजनीवहिनींनी, कात्रणांची फाइल दाखवली. विद्यापीठाच्या संघातून खेळलेले कलर होल्डर, दोनदा कप्तान. आंतरविद्यापीठ स्पर्धेत एकदा तीन जणांनी पाठोपाठ, चेंडू टोलवला नसतानाच, पहिल्या बेसवरून दुसऱ्या बेसकडे चोरून पळायचा प्रयत्न केला आणि गावंड्यांनी बसल्या जागेवरून चेंडू फेकून तिघांनाही बाद केलं, तेही सुजलेल्या अंगठ्याने. त्या स्पर्धेत तोंडावरची जाळी एकच होती. डाव बदलला की समोरच्या संघाचा कॅचर यायचा, गावंडे जाळी काढून त्याच्या हातात द्यायचे, तो ती त्यांच्या घामासकट तोंडाला बांधायचा, आणि अर्ध्या तासाने त्याच्या घामासकट परत करायचा. "शेवटी शेवटी," गावंडे म्हणाले, "त्याला सर्दी झाली की मला आधी कळायचं."

मग कॉलेज संपलं आणि बेसबॉलही संपला. नोकरी, पुणे, लग्न, नेदरलँड्स. विद्यापीठाने दिलेला कलरचा कोट तेवढा त्यांच्याबरोबर सगळीकडे फिरला. दरवर्षी तो ड्रायक्लीन होऊन यायचा आणि पुन्हा कपाटात जायचा.

या देशात बेसबॉल खेळतात, हॉन्कबॉल म्हणतात त्याला, हे गावंड्यांना एका गादीमुळे कळलं. जुनी गादी गाडीच्या टपावर बांधून ते नगरपालिकेच्या कचरा केंद्रावर निघाले होते. रस्ता चुकले आणि शेजारच्या गावातल्या एका मैदानापाशी आले. तिथे पंधरा-वीस पिकल्या केसांची डच माणसं बेसबॉल खेळत होती. गावंडे गाडीतून उतरले आणि कुंपणाला धरून उभे राहिले. दोन तासांनी भानावर आले तेव्हा कचरा केंद्र बंद झालं होतं आणि पावसाने गादी भिजून गाडीचा टप खाली आला होता. घरी येऊन ते वहिनींना एवढंच म्हणाले, "खेळून राहिले तिकडे." वहिनींना वाटलं, गादीशी.

पुढच्या आठवड्यात ते सभासद व्हायला गेले. इथे गोष्ट बिघडली.

डच क्लब कसा चालतो, ते सांगायला हवं. क्लबात नोकर नसतात. गवत कापायचं, कँटीन चालवायचं, कपडे धुवायचे, सगळं सभासदांनी वाटून घ्यायचं. म्हणून फॉर्मवर अकरा कामांची यादी होती आणि प्रत्येकापुढे चौकट. 'तुम्ही काय कराल?' बाकीचे लोक एका चौकटीत खूण करतात, फार उत्साही असले तर दोन. गावंड्यांनी अकराही भरल्या. मी कपाळाला हात लावला तर ते मलाच समजावू लागले, "ताई, फॉर्ममध्ये रकाना रिकामा ठेवला की अर्ज बाद होतो." आयुष्यभर सरकारी खिडक्यांवर उभं राहून शिकलेली गोष्ट, ती काय आयंडहोवनच्या विमानतळावर उतरल्याबरोबर विसरायची? आणि सगळ्यात खाली प्रश्न होता, कोणत्या संघात खेळायला आवडेल? तिथे गावंड्यांनी विनयाने लिहिलं, 'आपण ठेवाल तिथे.'

क्लबचा अध्यक्ष योस नावाचा एक उंच, सरळ माणूस होता. त्याने तो फॉर्म वाचला. या भारतीय गृहस्थांना खेळण्यात विशेष रस दिसत नाही, पण कामाची विलक्षण आवड आहे, असं त्याचं प्रामाणिक मत झालं. त्याने गावंड्यांना अकराही कामं दिली.

पहिल्या शनिवारी त्यांना फक्कीचं यंत्र मिळालं. गावंडे घरी आले ते तरंगतच. "फक्कीपासूनच सुरुवात आहे," ते म्हणाले, "इथेही तीच पद्धत." रजनीवहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे पाहिलं. आम्हा दोघींनाही वाटलं, एक वर्ष जाईल.

सहा गेली. गावंडे गवत कापायचे. संघाचे कपडे घरी आणून धुवायचे, आणि त्यांच्या मागच्या अंगणात नऊ डच पुरुषांच्या विजारी दोरीवर हलत असायच्या. ते स्कोअर लिहायचे, हरवलेले चेंडू झुडपातून शोधायचे आणि रविवारी कँटीनमध्ये तळण करायचे. पूर्ण शाकाहारी माणूस, पण मांसाचे क्रोकेट तेलात सोडताना तोंड फिरवायचा आणि काढताना केवळ आवाजावरून काढायचा. एकदा क्रोकेट संपले तेव्हा त्यांनी घरून बेसन मागवून कांदाभजी तळली. तिथून पुढे आजूबाजूच्या गावांतले संघ या मैदानावरच्या सामन्याची तारीख आधी विचारू लागले. दूर राहणारे लोक सायकलवरून निव्वळ भजी खायला यायचे, आणि बाहेर काहीतरी खेळ चाललेला आहे हे काहींना ठाऊकच नसायचं. मीही दर रविवारी जायची. मला काउंटरच्या आत स्टूल होतं.

आणि दरवर्षी एप्रिलमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधी, गावंडे तयारी करायचे. अमरावतीहून आणलेला तो जाड चामडी हातमोजा काढायचे, त्याला खोबरेल चोळायचे, दिवाणखान्यात रोज शंभर बैठका मारायचे. त्यांचा गुडघा कुरकुर करायला लागला तेव्हा ते गावातल्या डॉक्टरकडे गेले. इथला डॉक्टर आधी रोग्यालाच विचारतो, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल? गावंडे म्हणाले, तुम्ही सांगाल तसं. डॉक्टर म्हणाला, पण तुमची अपेक्षा काय आहे? गावंडे म्हणाले, तुम्ही जे द्याल ते. दहा मिनिटं दोघं एकमेकांकडे आदराने बघत बसले. मग डॉक्टरने पॅरासिटामॉल घ्यायला सांगून हस्तांदोलन केलं. ऑफिसातही तेच. साहेबाने वार्षिक मुलाखतीत विचारलं, पुढे तुला काय हवंय? गावंडे म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे. साहेबाने ते लिहून घेतलं आणि त्यांच्या हाताखालच्या माणसाला त्यांचा साहेब केलं.

"कुठे निघाले?" मी वहिनींना कुंपणावरून विचारायची. "मैदानावर," त्या म्हणायच्या. "हे अजून सिलेक्शनमध्येच आहेत."

एकदा मला राहवलं नाही. ते कांदा चिरत होते. मी म्हटलं, "गावंडे, तुम्ही त्या योसला सरळ सांगत का नाही की मला खेळायचंय?"

त्यांनी सुरी थांबवली. "असं कसं सांगायचं, ताई? नाव पुकारतात. मग उठायचं. आधी उठलं तर बस म्हणतात."

"पण इथे कोणी पुकारत नाही हो! इथे जो तो आपापला उठतो."

"पाहून राहिला ना तो माझं काम. सहा वर्षं पाहून राहिला. काही विचार असंलच न त्याचा."

योसच्या डोक्यात कसलाही विचार नाही, हे त्यांना कसं सांगायचं? मला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्यासाठी खरंच वाईट वाटलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, गुडघे जायला आलेले, आणि त्याला जे काही खेळायचं होतं ते आणखी फार तर एक-दोन वर्षांत खेळता येणार होतं. पुढे शरीरच नाही म्हणणार होतं. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, आणि तरी ते कांदा चिरत होते.

शेवटच्या वर्षी क्लबाने त्यांचा सत्कार ठेवला. वर्षाचा सर्वोत्तम स्वयंसेवक. गावंड्यांना वाटलं, आलं नाव. त्यांनी कपाटातून कलरचा कोट काढला. बटण लागेना, वहिनींनी आतून सेफ्टी पिन लावली. योसने भाषण केलं. म्हणाला, सुधाकरशिवाय या क्लबातला एकही माणूस खेळू शकला नसता. टाळ्या झाल्या, ट्युलिपचा गुच्छ मिळाला, गावंड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, आनंदाने. एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "कोट छान आहे." खिशावरच्या विद्यापीठाच्या चिन्हाकडे बोट दाखवून हे काय आहे, असं कोणीच विचारलं नाही. पिन सुटू नये म्हणून गावंडे संध्याकाळभर ताठ उभे होते.

त्यानंतर मला अ‍ॅमस्टेलव्हीनला नोकरी लागली. सप्टेंबरअखेर मी न्यूनेन सोडणार होते, आणि माझा तिथला शेवटचा रविवार म्हणजे त्यांच्या हंगामाचाही शेवटचा रविवार. मी निरोपाची भजी खायला गेले. समोरचा संघ दीड तास गाडी चालवून आला होता आणि आमच्या बाजूला योसला धरून आठच माणसं होती. दोघं सुट्टीवर, एक कोणाच्या तरी वाढदिवसाला, इथल्या रीतीप्रमाणे खुर्च्यांचं गोल करून बसायला गेला होता. डच माणूस एक वेळ घर पेटलेलं असलं तर येईल, पण वाढदिवस सोडून यायचा नाही. नववा माणूस दहा मिनिटांत मिळाला नाही तर सामना रद्द, आणि सगळे घरी.

योस मैदानभर फिरून कँटीनच्या खिडकीपाशी आला. गावंड्यांनी झारा खाली ठेवला, ॲप्रनला हात पुसले आणि सरळ उभे राहिले.

योस माझ्याकडे बघून म्हणाला, "तू येशील का? उजव्या कोपऱ्यात नुसतं उभं राहायचं. तिकडे चेंडू येत नाही."

मी सँडल घालून, एका हातात भजं घेऊन स्टुलावर बसले होते. आयुष्यात मी सासूबाईंची बोलणी सोडली तर काहीही झेललेलं नाही. मी गावंड्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला, आणि मग त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. त्यांनी झारा पुन्हा उचलला आणि मराठीत म्हणाले, "जा न, ताई. मॅच जाईल नाहीतर. बिचारे लांबून आले."

माझं डोकंच फिरलं. "मी इथून हलणार नाही," मी म्हटलं. "सामना रद्द झाला तर तो तुमच्यामुळे. सांगा त्याला."

"काय सांगू?"

"तुम्हाला माहीत आहे काय सांगायचंय ते."

योस आमच्याकडे आळीपाळीने बघत होता, मग घड्याळाकडे. कढईतल्या घाण्याचा रंग गडद होत होता. गावंड्यांनी तो काढला नाही. मला वाटतं, त्या सहा वर्षांत त्यांच्या हातून राहून गेलेलं ते पहिलं काम. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग अंगणवाडीतल्या मुलाने कविता म्हणावी तसं, एकेक शब्द सुटा सुटा करत ते डचमध्ये म्हणाले, "योस. मला. खेळायचं आहे."

"अरे वा, फारच छान!" योस म्हणाला. "मग आधी का नाही बोललास?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. गावंडे त्याच्याकडे बघत राहिले.

"कुठे खेळतोस तू?" योसने विचारलं.

"कॅचर."

आता योसने खिडकीच्या चौकटीला धरलं. "कॅचर? आमच्याकडे चार वर्षांपासून कॅचर नाही. रुडॉल्फला आम्ही बळेच बसवतो."

रुडॉल्फ म्हणजे संघातला एक दंतवैद्य. प्रत्येक सामन्यानंतर त्याला दोघं धरून उभं करत आणि त्याच्या पायांना लावायला बर्फ आणून देण्याचं काम गावंड्यांकडेच होतं. रुडॉल्फला निरोप पोचला तेव्हा तो मैदानातच चिलखताचे पट्टे सोडू लागला. पळत आला, गावंड्यांना मिठी मारली आणि त्यांच्या गालांचे तीन मुके घेतले. योसला एवढीच काळजी होती की तळण कोण बघणार. मी ॲप्रन बांधला.

मी रजनीवहिनींना फोन केला. त्या दहा मिनिटांत सायकलवरून आल्या, घरातल्याच कपड्यांत, खोबरेल लावलेला हातमोजा पिशवीत घेऊन. कँटीनची खिडकी नेमकी कॅचरच्या पाठीमागे उघडते, मध्ये फक्त जाळी. त्यामुळे त्या सामन्यात गावंड्यांचा चेहरा आम्हाला दिसलाच नाही. ती रुंद पाठ तेवढी दिसली. ते बसले. पहिला चेंडू आला आणि त्यांच्या हातात असा गेला की हात हललाच नाही, नुसता आवाज झाला. तो आवाज ऐकून समोरच्या संघातला एक जण भजी खाता खाता वळून बघू लागला.

खेळ फार बरा झाला असं नाही. एक जण चोरून पळाला तेव्हा गावंड्यांचा फेकलेला चेंडू दुसऱ्या बेसवरून सरळ पार्किंगमध्ये गेला. दुसराही गेला. तिसऱ्या वेळी पळणारा घसरत यायच्या आधी चेंडू तिथे वाट बघत होता. आमचा संघ तरीही हरत होता. पण मी बघत होते ते वेगळंच. बाकीचे आठ जण मैदानात पसरलेले असतात, त्यांचं तोंड कॅचरकडे आणि कॅचरचं त्यांच्याकडे, त्यामुळे सगळं मैदान दिसतं ते त्यालाच. ज्या माणसाने सहा वर्षं कोणाला साधं "जरा सरका" म्हटलं नव्हतं, तो जाळी कपाळावर चढवून ओरडत होता. "मागे! अजून मागे! तू, डावीकडे! रुडॉल्फ, झोपून राहिला का?" डच आणि वऱ्हाडी मिसळून, त्याला जे येईल त्या भाषेत. आणि ती एवढाली माणसं मुकाट ऐकत होती.

"हे कोण ओरडतंय?" वहिनी म्हणाल्या, आणि खिडकीतून पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "बावीस वर्षांच्या संसारात मी यांचा हा आवाज ऐकला नव्हता हो. भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाहीत." त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, कांद्यामुळे. कांदा कधीच संपला होता.

दुसऱ्या दिवशी मी सामान हलवलं. गावंड्यांची मी पाहिलेली शेवटची गोष्ट ती पाठच. शेवटचा डाव होता, ऊन तिरपं आलं होतं, आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे चेंडू येत नाही तिथे, अध्यक्ष योस हात कमरेवर ठेवून उभा होता. गावंडे गुडघ्यावर हात टेकून कसेबसे उठले. त्यांनी उजवा हात लांब केला, योसकडे बोट दाखवलं आणि दहा पावलं मागे जायची खूण केली. योसने आपल्या छातीवर बोट ठेवून विचारलं, मी? गावंडे हात तसाच धरून थांबले. योस मागे गेला.